तुर्भें येथें एक सायंकाळ

तुर्भें हें कोणीं मुद्दाम पाहावयास जावें असें स्थळ नव्हे. तेथें तीर्थ नाहीं, किल्ला नाहीं, आणि ज्या खाडीच्या कांठीं तें वसलें ती ठाण्याची खाडीहि आतां इमारतींच्या आड गेली आहे. ज्यांस कांदा, मिरची अथवा आंबा घाऊक भावानें घ्यावयाचा असेल, किंवा ज्यांचें पोट तेथील कारखान्यांवर असेल, तेच तेथें जातात. आम्ही २०२५ सालच्या कार्तिकांत तेथें गेलों, तें एका मोटारीस निरोप देण्याकरितां. आणि तेथें आमची एका वाघुळाशीं गांठ पडली. मोटारीचा व वाघुळाचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध पन्नास हजार रुपयांचा होता. तो पुढें येईल.

प्रथम गांवाविषयीं दोन शब्द. तुर्भें या नांवाचीं दोन स्थळें खाडीच्या दोन तीरांवर आहेत. पश्चिमेकडील तुर्भ्याचें इंग्रजांनीं ट्रॉम्बे केलें, आणि अणुसंशोधनामुळें तें नांव जगभर गेलें. मराठी ग्रंथांत मात्र त्यालाहि तुर्भेंच म्हणण्याचा प्रघात आहे. विद्यार्थ्यांना भूगोल शिकवितांना या दोन तुर्भ्यांनीं आम्हांस पुष्कळ छळलें आहे. आमचें तुर्भें पूर्वेकडचें. तें मूळचें आगरी-कोळ्यांचें, भातखाचरांचें व मिठागरांचें. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या बाजूनें औद्योगिक वसाहत झाली, १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराकरितां ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत मुंबईच्या दाटींतले घाऊक बाजार एकामागून एक इकडे आले. ज्या खाचरांना तेव्हां कोणी विचारीत नव्हतें, त्यांच्या एका चौरस हाताचा आजचा भाव ऐकला म्हणजे आमच्यासारख्या पेन्शनराच्या छातींत धडकी भरते.

अलीकडे या रस्त्याच्या दोहों बाजूंस आणखी एक व्यापार वाढला आहे, तो भारी किंमतीच्या मोटारींचा. कांचेच्या दालनांत नव्या गाड्या आरशासारख्या चमकत असतात. त्यांच्या मागल्या गल्ल्यांत दुरुस्तीचे कारखाने असतात. आणि त्याच्याहि मागें, पत्र्याच्या कुंपणांत, ज्यांचे पहिले मालक त्यांना विटले अथवा ज्यांना त्या पेलवेनाशा झाल्या, अशा गाड्या दुसऱ्या मालकाची वाट पाहत उभ्या असतात. दालनापासून कुंपणापर्यंतचें अंतर पायीं चालल्यास पांच मिनिटांचें आहे. गाडीला तें चालावयास पांचसहा वर्षें लागतात.

आमचा एक जुना विद्यार्थी तेथेंच औद्योगिक वसाहतींत यंत्रांना लागणारे रबराचे लहान लहान भाग करतो. चौदा माणसें त्याच्या हाताखालीं आहेत. २०१९ च्या दसऱ्यास त्यानें एक जर्मन बनावटीची मोटार घेतली आणि दुकानांतून थेट ठाण्यास आमच्या दारीं आणली. तिच्यापुढें नारळ आम्हीं फोडला, आणि त्या भानगडींत पुढच्या कमानीवर पाण्याचे शिंतोडे उडाले म्हणून त्यानें आपल्या नव्या रेशमी उपरण्यानें ते पुसले, तें आम्हांस चांगलें आठवतें. आतां एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे त्याचे पैसे थकले होते, बँकेचा हप्ता थांबत नव्हता, आणि दिवाळींतील बोनस त्यानें उसने आणून दिला होता. एके दिवशीं तो आला आणि म्हणाला, "सर, शनिवारीं गाडी द्यायला तुर्भ्याला चाललोंय. तुम्ही येतां का बरोबर? एकट्याला जाववत नाहीं." आम्ही निघालों. ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत त्यानें ती गाडी इतकी सावकाश हांकली, कीं मागचे टेंपोवाले कर्णे वाजवून वाजवून थकले.

वाटेंत आम्हीं त्याला किंमत विचारली. ती ऐकून आम्हीं मनांतल्या मनांत त्रैराशिक मांडलें, आणि तें येथें मांडल्यावांचून राहवत नाहीं. गाडीची दुकानांतील किंमत ६० लाख होती. त्यावर पेट्रोलच्या भारी गाड्यांना महाराष्ट्रांत लागणारा शेंकडा १३ प्रमाणें एकरकमी रस्ताकर ७ लाख ८० हजार. म्हणजे विमा वगैरे धरून सत्तर लाखांच्या घरांत रक्कम गेली. आतां त्या ६० लाखांतहि तेव्हांच्या दरानें वस्तु व सेवा कर शेंकडा २८ व त्याच्यावर अधिभार शेंकडा २० असे मिळून शेंकडा ४८ होते. हिशेब केला म्हणजे गाडी म्हणून जी वस्तु होती ती साडेचाळीस लाखांची. राहिलेले सुमारें साडेएकोणीस लाख आणि रस्त्याचे पावणेआठ लाख हे सरकारजमा. दुसरा गिऱ्हाईक येतो तो वस्तूचे पैसे देतो, पहिल्यानें भरलेल्या कराचे कशास देईल? लोक म्हणतात, गाडी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पडली कीं तिची किंमत उतरते. ती उतरते कशी, तें असें आहे.

पुढील उतरण ही घसाऱ्याची. विम्याच्या कामीं एक रूढ कोष्टक आहे: सहा महिन्यांच्या आंतील गाडीस शेंकडा ५ घसारा, वर्षाच्या आंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पांचपर्यंत ५०, त्यापुढें विमेवाल्यानें व मालकानें आपसांत ठरवावें. अपघातांत बदललेल्या भागांचाहि घसारा निराळा: रबर व प्लास्टिक यांचा निम्मा, कांचेचा मुळींच नाहीं. रबराचा व्यापार करणारा आमचा विद्यार्थी या कलमावर नेहमीं हांसत असे. प्राप्तीकराचे अधिकारी धंद्यांतील मोटारीस दरसाल शेंकडा १५ घसारा देतात, पण तो उरलेल्या रकमेवर. ६० चे ५१, ५१ चे ४३.३५, असें करीत सहाव्या वर्षाअखेर २२ लाख ६३ हजार राहतात. या रीतीनें गाडी कधींच शून्यावर येत नाहीं. ती नुसती शून्याकडे चालत राहते.

बाजार मात्र कोष्टकें वाचीत नाहीं. साधी लहान गाडी जुनी झाली तरी तिला दहा घरचीं माणसें विचारतात. भारी गाडीचें तसें नाहीं. ज्याच्या गांठीं तसली गाडी घेण्याचा पैका आहे त्याला नवीच हवी असते, आणि ज्याला जुनी परवडते त्याला तिची दुरुस्ती परवडत नाहीं. कारण गाडी जुनी झाली तरी तिचे सुटे भाग नव्याच्याच भावानें येतात. हमीची मुदत बहुधा तीन वर्षांची. ती सरली कीं गिऱ्हाइकाच्या मनांत भय शिरतें. त्यांत २२ सप्टेंबर २०२५ पासून करांची फेररचना झाली, अधिभार गेला, आणि ४८ च्या जागीं शेंकडा ४० आले. नवीं वाहनें स्वस्त झालीं, म्हणून वर्तमानपत्रांनीं आनंद केला. आणि त्याच दिवशीं पत्र्याच्या कुंपणांतल्या सगळ्या गाड्या एका रात्रींत आणखी जुन्या झाल्या.

फळबाजारावरून आमची गाडी गेली तेव्हां आमच्या मनांत आलें, कीं घसाऱ्याचें खरें शिक्षण येथें आहे. चैत्र-वैशाखांत येथें हापूसच्या पेट्या उतरतात. पहांटे जी पेटी एका भावानें जाते, तीच दुपारीं कांहीं कमी भावानें आणि तिसऱ्या दिवशीं रसवाल्याला मिळेल त्या भावानें जाते. तेथील अडत्ये या उतरणीस नशीब म्हणत नाहींत, घसाराहि म्हणत नाहींत. ते पेटी हुंगतात आणि आंकडा सांगतात. असो.

कुंपणांत पोंचलों तेव्हां चार वाजून गेले होते. आवाराच्या कडेनें अशोकाचीं उंच झाडें ओळीनें उभीं होतीं. वास्तविक हा अशोक नव्हे. सीतामाई ज्याच्या खालीं बसली तो तांबड्या फुलांचा निराळा, आणि हा निमुळता सरळसोट वृक्ष त्याचें नांव उगाच लावून शहरांतून मिरवतो. पण आतां सगळे यालाच अशोक म्हणतात, आणि एकट्या मास्तरानें किती ठिकाणीं चुका दुरुस्त कराव्या? गिऱ्हाईक पांचला यावयाचें होतें. गाडी धुवून ठेवावी म्हणून आवारांतल्या पोरांनीं ती झाडाखालीं घेतली आणि जोराच्या पाण्याची नळी सोडली. छत धुतांना नळीचा फवारा सहज वर गेला, फांद्या हलल्या, आणि धुतलेल्या कमानीवर कांहींतरी तपकिरी रंगाचें पडलें.

पोरांनीं एकच ओरड केली. तें वाघूळ होतें. भिजून चिंब झालेलें, मुठीएवढें, पंख अर्धे पसरून तें त्या गुळगुळीत पत्र्यावर नखांनीं धरूं पाहत होतें आणि पुन्हां पुन्हां घसरत होतें. एक म्हणाला, "केंसांत अडकलं तर सुटत नाहीं." दुसरा म्हणाला, "हात लावूं नका, कोरोना ह्यांच्यामुळंच आला." तिसऱ्यानें निपाहाचें नांव काढलें आणि केरसुणी आणावयास धांवला. आवाराचा मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "आजच पडायचं होतं काय ह्याला?"

आणि आम्ही काय म्हणालों? तें लपविण्यांत अर्थ नाहीं. अडतीस वर्षें मुलांस निसर्गपाठ शिकविलेले आम्ही म्हणालों, "अरे, ढकल तें त्या गटारांत एकदांचें, तो गृहस्थ येईल एवढ्यांत." आमच्या डोळ्यांपुढें त्या क्षणीं वाघूळ नव्हतें, साडेबावीस लाख होते.

विद्यार्थ्यानें आमच्याकडे पाहिलें. तो बोलला नाहीं. त्यानें नळी बंद करविली आणि दुरुस्तीच्या छपरांतील म्हाताऱ्या मेस्त्रीस हांक मारली. मेस्त्री कोंकणांतला. त्यानें चामड्याचे जाड हातमोजे चढविले, एक जुनें फडकें त्या जीवावर अलगद टाकलें, फडक्यासकट त्याला उचलून एका सुट्या भागाच्या खोक्यांत ठेविलें, आणि खोक्यास सुरीनें चार भोकें पाडलीं. "ओलं आहे तोंवर उडणार नाहीं," तो म्हणाला, "आणि जमिनीवरून ह्यांना उडतां येत नाहीं. वाळलं कीं झाडावर ठेवूं." इतकेंच बोलून तो पुन्हां आपल्या कामास लागला.

झांकण किलकिलें करून आम्हीं आंत पाहिलें. हें आखूड नाकाचें फलाहारी वाघूळ, वजनानें पन्नास ग्रॅमांच्या आंतबाहेर. तोंड थेट कुत्र्याच्या पिल्लाचें, आणि डोळे मोठे, तपकिरी, आमच्यावर रोखलेले. ही जात अशोकाच्या दाट पानांत, ताडमाडांच्या झावळ्यांत दिवसा लपते आणि रात्रीं उंबर, पेरू, देशी बदाम यांचीं फळें तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन खाते. बिया तेथेंच खालीं टाकते. शहरांत कोणीं न लाविलेलें उंबराचें रोप भिंतीच्या फटींत उगवतें, त्यांत हिचाहि वांटा असतो. किडे खाणाऱ्या लहान वाघुळांना अंधारांत आपल्याच किंकाळीच्या प्रतिध्वनीवरून वाट कळते. या फलाहारींना मात्र मुख्य आधार डोळ्यांचा व नाकाचा. केंसांत अडकण्याची कथा दोन्ही जातींच्या बाबतींत खोटीच आहे.

भीति अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. २०१८ सालीं केरळांत निपाहाची साथ आली तिचें मूळ वटवाघुळांत होतें. आणि २०२० च्या मार्चांत महाबळेश्वराकडील गुहेंतून पुण्याच्या विषाणुसंस्थेनें जे नमुने घेतले, त्यांत त्या विषाणूच्या खुणा आढळल्याचें पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें. म्हणून वाघुळास उघड्या हातानें शिवूं नये, त्यानें उष्टावलेलें फळ खाऊं नये, आणि चावा बसलाच तर जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून वैद्याकडे जावें. पण हातमोजे घालणें वेगळें आणि केरसुणीनें ठेंचणें वेगळें. आमच्या कायद्यासहि हा भेद उशिरां कळला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत फलाहारी वाघुळें उंदीर व कावळे यांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या यादींत होतीं, कोणींहि मारावीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच काढून टाकली. पन्नास वर्षांत किंमत चढलेली वस्तु त्या आवारांत ती एकच होती.

जुन्या ग्रंथकारांनीं या जीवाकडे बारकाईनें पाहिलेलें दिसतें. अमरकोशांत त्याला जतुका व अजिनपत्रा अशीं नांवें आहेत. अजिनपत्रा म्हणजे जिचे पंख कातड्याचे, आणि याहून नेमकें वर्णन कोणता प्राणिशास्त्रज्ञ करील? मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायांत गूळ चोरणारा पुढील जन्मीं वाग्गुद होतो असें आहे, आणि बूलरनें आपल्या १८८६ च्या भाषांतरांत त्याचा अर्थ मोठें वटवाघूळ असाच केला. हें आम्हीं मेस्त्रीस सांगितलें. तो म्हणाला, "मग इथल्या मसाला बाजाराचे हमाल सगळे झाडावर लटकतील." पंडितांच्या टीका आम्हीं पुष्कळ वाचल्या आहेत, पण या श्लोकावर इतकी मार्मिक टीका दुसरी आढळली नाहीं.

गिऱ्हाईक साडेपांचास आले. नाशिककडील द्राक्षबागाईतदार, बोलण्यांत गोड, अंगावर शुभ्र कपडे. त्यांनीं दारें उघडून-मिटून पाहिलीं, यंत्र चालू करून कान देऊन ऐकलें, टायरांवर नख ओढलें. भाव फोनवर २२ लाख ५० हजार ठरला होता. सगळें मनासारखें झालें, आणि मग त्यांची नजर भोकें पाडलेल्या खोक्याकडे गेली. "ह्यांत काय?" त्यांनीं विचारलें.

आवाराचा मालक म्हणाला, "कांहीं नाहीं, मेस्त्रीचं कांहीं असेल." त्याच वेळीं आमचा विद्यार्थी म्हणाला, "वाघूळ आहे. गाडी धुतांना बॉनेटवर पडलं."

बागाईतदारांचा चेहरा गंभीर झाला. आपण स्वतः शकुन-अपशकुन मानीत नाहीं, असें त्यांनीं प्रथम सांगितलें. मग म्हणाले, वाघुळांचा आपल्याला राग आहे तो निराळा. बागेवर जाळीं घालण्यांत दरसाल पैसा जातो. पण घरांत आई आहे, तिला कळलें कीं पहिल्याच दिवशीं गाडीवर असलें कांहीं पडलें, तर ती गाडींत पाय ठेवणार नाहीं. शांत करावी लागेल, ब्राह्मण बोलवावे लागतील. हें सर्व बोलून त्यांनीं पन्नास हजार कमी सांगितले. रबराचा घसारा निम्मा, कांचेचा कांहीं नाहीं, हें कोष्टक आम्ही वाटेंत घोकीत आलों होतों. त्यांत वाघुळाचें कलम नव्हतें. तें या सद्गृहस्थानें जागच्या जागीं घातलें, आणि शांतीचा खर्च सांगतांना त्यांचा एक डोळा आमच्या जानव्याकडे होता कीं काय, अशी आम्हांस शंका आली.

आवाराच्या मालकानें खूप घासाघीस केली. विद्यार्थ्यानें केली नाहीं. २२ लाखांस व्यवहार झाला, बयाणा त्याच्या खात्यांत आला, कागदांवर सह्या झाल्या. आमच्या मनांत आलें, कीं हा मुलगा धंद्यांत मागें कां पडतो तें आज कळलें. त्यानंतर आणखी एक गोष्ट मनांत आली ती आमच्याविषयींची होती, आणि ती गटाराच्या त्या वाक्याशीं जाऊन मिळाली. तेव्हां आम्हीं तो विचार तेथेंच सोडला.

त्यानें गाडीपुढील कप्प्यांतून कागद काढले, आरशास लटकविलेली रुद्राक्षाची माळ सोडली, पुढच्या फळीवरील पितळी गणपति चिकटविलेल्या जागेवरून नखानें हळूहळू खरवडून काढला आणि रुमालांत गुंडाळून खिशांत ठेविला. त्या जागीं पांढरा वाटोळा डाग राहिला. बागाईतदार म्हणाले, "राहूं द्या, आमचा बसवूं तिथंच."

काळोख पडूं लागला तसा मेस्त्री आला आणि त्यानें खोकें अशोकाच्या शेजारील बदामाच्या बेचक्यांत, डोक्यापेक्षां उंच, झांकण उघडें टाकून ठेविलें. बराच वेळ कांहीं झालें नाहीं. पोरें कंटाळून चहाला गेलीं. मग खोक्याच्या कडेवर एक नखी दिसली, मागोमाग तें डोकें, आणि तें वाघूळ खोक्यांतून फांदीवर सरकून उलटें लोंबलें. त्यानें एक पंख उघडून चाटला, दुसरा चाटला. पुढें काय झालें तें आम्हीं पाहिलें नाहीं. आम्ही चष्मा पुसून वर पाहिलें तों फांदी मोकळी होती.

ठाणें-वाशी मार्गावरील तुर्भें स्थानक तेथून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. रस्त्यांत ट्रकांची रांग लागलेली होती, कांद्याच्या पातीचा व ओल्या गोणपाटाचा वास येत होता. विद्यार्थी फारसा बोलला नाहीं. एकदां मात्र म्हणाला, "सर, मजुरांचे दोन महिने तरी निघतील." स्थानकांत शिरल्यावर तो घुटमळला. सहा वर्षांत तो आगगाडींत बसला नव्हता. तिकीट आतां कोठें काढतात आणि ठाण्याची गाडी कोणत्या फलाटावर येते, असें त्यानें आम्हांस विचारलें.